रथाचा नंबर

चासी नंबरची प्रिंट काढायला कागद पातळ लागतो आणि हात हलका. गाडीचा जो लोखंडी सांगाडा असतो त्याला गॅरेजमध्ये चासी म्हणतात. त्यावर कंपनीने ठोकलेला नंबर असतो. त्या नंबरावर कागद धरायचा, कडांना चिकटपट्टी लावायची आणि पेन्सिल आडवी करून वरून घासत जायचं. आकडे पांढरे उठतात, बाकीचं काळं होतं. गाडी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करताना कागदांना अशी प्रिंट जोडावी लागते. आमच्या ह्यांचा हात पान्याला सरावलेला, त्यांच्या हाताखाली कागद फाटायचा. म्हणून लग्नानंतर काही वर्षांनी हे काम माझ्याकडे आलं. मला ते आवडतं. त्यात कोणाशी बोलावं लागत नाही.

हे जुन्या गाड्यांचे मिस्त्री. घोडबंदर रोडला नव्या टॉवरांच्या पाठीमागे शेठची शेड आहे, तिथे ह्यांचं निम्मं आयुष्य गेलं. आम्ही राहतो दिव्याला. शेठना जुन्या गाड्यांचा नाद आहे. कुठे कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या बागेत गंजत पडलेली गाडी असेल ती आणायची आणि ह्यांच्याकडून पुन्हा चालती करून घ्यायची.

त्यातली एक गाडी ह्यांच्या जिवाची होती. बुटकी, लांब नाकाची, दोघांपुरती जागा, वर टप नाही, बॉनेटला चामड्याचे पट्टे. मोठ्या लढाईच्या आधी परदेशात एक दिवस आणि एक रात्र गाड्या पळवायची शर्यत असे, तिच्यासाठी बांधलेल्या गाड्यांपैकी ही. आधी कोण पोचतो असं त्या शर्यतीत नसतं. वेळ संपेपर्यंत कोण जास्त अंतर कापतो ते बघतात. पेट्रोल भरायला आणि ड्रायव्हर बदलायला थांबायचं, तेवढंच. हे मला इतक्यांदा सांगायचे की भाकऱ्या थापता थापता मला सगळं पाठ झालं होतं. मध्यरात्रीनंतर त्या ड्रायव्हरला डोळ्यांपुढे काय दिसत असेल गं, असं विचारायचे. मी म्हणायचे, उशी.

ती गाडी आपल्याकडे कशी आली ते शेठ पाहुण्यांना रंगवून सांगायचे. कल्याणकडच्या एका कारखान्यात गोरा साहेब होता, त्याने ती बोटीतून आणली. देश सोडून जाताना ड्रायव्हरला देऊन गेला. ड्रायव्हर खाडीकाठच्या एका गावचा, ठाकुर्लीच्या पलीकडचा. त्याला ती फार दिवस पोसवली नाही. मग त्याने इंजिन काढून घरच्या भाताच्या गिरणीला जोडलं आणि चाकांसकट उरलेला सांगाडा गावदेवीला वाहिला. त्यावर लाकडी मखर बांधून जत्रेत देवीचा रथ निघायचा. पुढे रथासाठी ट्रॅक्टरची ट्रॉली आली, सांगाडा देवळामागे पडून राहिला. शेठनी देवळावर नवे पत्रे घालून दिले आणि सांगाडा उचलून आणला.

इंजिन मात्र मिळालं नाही. गिरणी कधीच बंद पडलेली, पण त्या घरातली म्हातारी इंजिनाला हात लावू देईना. शेवटी शेठनी त्याच जातीचं दुसरं इंजिन बाहेरून मिळवलं आणि ह्यांनी ते बसवलं. सांगाड्यावर शेंदूर, तेल आणि काजळी यांचा थर चढला होता. तो ह्यांनी एकट्याने, बरेच दिवस बसून काढला. खालून नंबर निघाला. शेवटचे दोन आकडे एक्कावन्न. शेठनी परदेशातून माहिती मागवली तेव्हा कळलं, एक्कावन्न नंबरची गाडी त्या शर्यतीत शेवटपर्यंत पळाली होती. त्या दिवशी हे पेढे घेऊन घरी आले. आमचं कोणी पास झाल्यासारखे.

मग गेल्या हिवाळ्यात परदेशातून एका माणसाने शेठना कळवलं, की एक्कावन्न नंबरची गाडी माझ्याकडे आहे, तुमची खोटी आहे. शेठनी गाडी तिकडच्या एका प्रदर्शनाला पाठवायचं कबूल केलं होतं. आता प्रदर्शनवाले म्हणाले, आधी खरं-खोटं होऊ दे. म्हणून पुण्याचे एक साहेब आले. त्यांचा व्यवसायच हा. अशा जुन्या शर्यतीच्या गाड्यांचा सांगाडा कुठला, इंजिन कुठलं, कोणाकडून कोणाकडे गेली, हे मागे मागे जात शोधायचं. सोयरीक जमवायच्या आधी घराणं बघतात तसं.

साहेबांना प्रिंट हवी होती, म्हणून शेठनी मला बोलावून घेतलं.

मी कागद लावला. साहेब, शेठ आणि हे, तिघंही माझ्या पाठीशी उभे होते. कोणी बघत असलं की माझा हात जड होतो, म्हणून मी नुसतं पेन्सिलीकडे बघत राहिले. पहिले आकडे छान उठले. पाच उठला. त्याच्या पुढे एकची उभी रेघ उठली. आणि रेघेच्या दोन्ही बाजूंनी काहीतरी फिकट, गोल उठलं, पाण्यात बुडालेली बांगडी दिसावी तसं. मी पेन्सिल थांबवली.

साहेब खाली बसले. आधी कागद बघितला, मग भिंग लावून लोखंड बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कोणावर न रागावता म्हणाले, "इथे आधी शून्य होतं. ते ठोकून सपाट केलंय आणि वर एक मारलाय."

साहेबांनी विचारलं, हा थर कोणी काढला होता. शेठनी ह्यांच्याकडे बघितलं. मग साहेबांनी विचारलं, इथे नंबर ठोकायचे पंच आहेत का. ते होतेच, ह्यांच्या पेटीत. इंजिन खोलताना कुठला भाग कुठे बसतो ते कळावं म्हणून त्यांवर बारीक आकडे ठोकावे लागतात, प्रत्येक मिस्त्रीकडे तो संच असतो. ह्यांनी स्वतःच पेटी उघडून दाखवली. शून्यापासून नऊपर्यंत पंच ओळीने लावलेले होते.

शेठ म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही यात काही केलंय का? खरं सांगा, मी सांभाळून घेईन."

ह्यांनी फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसलं. "इतक्या वर्षांनी हे विचारलंत," एवढंच म्हणाले आणि पेटी उचलून चालायला लागले.

हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा, एकदा तोंडाने नाही म्हणा. पण त्यांचा स्वभाव तो नव्हे. विचारलं यातच त्यांचा अपमान झाला होता, मग उत्तर कशाला द्यायचं.

मी कागद गोळा करत मागे राहिले. साहेब शेठना सांगत होते की नंबर बदलणं हा गुन्हा आहे आणि जे दिसलं ते त्यांना लिहावं लागेल. कुठे आणि कधी बदलला ते सांगता आलं तर गोष्ट वेगळी. ती कंपनी चासीवर आणि इंजिनावर एकच नंबर ठोकायची. गाडीचं मूळ इंजिन बघायला मिळालं असतं तर काही कळलं असतं. सोमवारी ते पुन्हा येणार होते, तेव्हा कागद देणार होते.

शेठ मला शेडच्या दारापर्यंत सोडायला आले. ते माणूस वाईट नाहीत. पण घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस आधी स्वतःचं बघतो. म्हणाले, "वहिनी, मिस्त्रींना सांगा सोमवारपर्यंत येऊ नका. पोलिसांनी विचारलं तर मला एक नाव द्यावं लागेल. मी तरी काय करू?"

ते मी ह्यांना सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, सोमवारपर्यंत सुट्टी आहे. त्यांना कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी आपला डबा घासला, पुसला आणि मांडणीवर पालथा घातला.

ते दिवस फार वाईट गेले. आमच्या चाळीत पाणी एक दिवसाआड येतं. एरवी ह्यांना त्याची गंधवार्ता नसायची, आता तेच हंडे भरून ठेवायला लागले. शेजारीण म्हणाली, काय भावजी, नोकरी सोडली की बायकोला हंड्यांतून सोडवलं? हे हसले. आत येऊन हंडा इतका जोरात ठेवला की पाणी भिंतीवर उडालं.

आणि मला शंका येत होती. कोणाला सांगता येण्यासारखी ती नव्हती. थर काढताना हे एकटे होते. ती गाडी पळालेली असावी असं ह्यांच्याइतकं कोणाला वाटत नव्हतं, शेठनाही नाही. पेढे आणले त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मला पुन्हा पुन्हा आठवायचा. माणूस एखाद्या गोष्टीला इतका जीव लावतो, तेव्हा त्याच्या हातून काय होईल ते त्यालाही कळत नाही. एका दुपारी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. तोंड उघडलं.

ते म्हणाले, "तू पण विचारणार आहेस?"

"चहा टाकू का विचारत होते."

"टाक."

शुक्रवारी मी खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू पिशवीत घातलं. खाली पातळ कागद, चिकटपट्टी आणि पेन्सिल. चासीची प्रिंट काढते तेव्हा एक फाटली तर असावी म्हणून मी नेहमी दोन काढते. त्यातली दुसरी माझ्याकडेच राहिली होती, तीही घेतली. ह्यांना म्हटलं, देवीची ओटी भरून येते. ते खोटं नव्हतं.

वाटेत माझ्या मनात एकच चाललं होतं. इंजिनाला म्हातारीने आजवर कोणालाच हात लावू दिलेला नाही. म्हणजे त्यावर जो नंबर असेल तो खरा. तिथेही एक्कावन्न निघाले तर ह्यांना कसला दोष? पण तिथे पन्नास निघाले तर मग शून्याचा एक आमच्याच शेडमध्ये झाला. मग दुसरं कोणी उरतच नाही. म्हणजे मी जो कागद काढायला निघाले होते, तो ह्यांना सोडवील किंवा अडकवील, आणि कुठला ते मला माहीत नव्हतं. ठाकुर्लीला उतरून रिक्षात बसले तेव्हा वाटलं, देवीला नमस्कार करावा आणि तिथूनच परत फिरावं.

गावाच्या डोक्यावर आता टॉवर आलेत, पण आत गेलं की खाडीचा वास येतो. देवळात ओटी भरली. पुजाऱ्याने घर दाखवलं. म्हातारी ओट्यावर जवळा निवडत बसली होती. नाकात मोठी नथ, मांडीवर सूप. मी समोर उभी राहिले आणि माझं तोंड बंद झालं. नेहमीसारखं.

ती म्हणाली, "काय गो बाय, मुकी हाईस काय?"

मी म्हटलं, गिरणीच्या इंजिनाची ओटी भरायची आहे. तिने सूप खाली ठेवलं. मी त्या पत्रेवाल्या शेठकडची का, असं विचारलं. मी म्हटलं, शेठकडची नाही, त्यांच्या मिस्त्रीची बायको. त्यावर ती जे बोलली ते सगळं लिहिण्यासारखं नाही. हे पूर्वी एकदा इंजिन बघायला गेले होते आणि नंबर दिसावा म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हरने शेंदूर खरवडायला घेतला होता. देवाच्या अंगावरचा शेंदूर खरवडतात का, तुझ्या माणसाला आईने काही शिकवलं नाही का, असं तिचं चाललं होतं. तिची चूक नव्हती. आमच्या गावीही शेंदूर खरवडत नाहीत. तो आपोआप सुटतो तेव्हाच सुटू देतात.

मी ऐकून घेतलं. तिचं संपल्यावर म्हटलं, "आजी, तो माणूस आता घरी बसलाय. त्याच्यावर आळ आलाय."

"कसला आल?"

"गाडीचा नंबर बदलल्याचा. सोमवारी पोलिसांत देतील."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग पदराने हात पुसले, भिंतीला धरून उठली आणि किल्ली घेतली.

गिरणीच्या खोलीत अंधार होता. तिने एक खिडकी ढकलली. मधोमध दगडी ओट्यावर इंजिन बसलं होतं, वरून सगळं शेंदरी, त्यावर ताजी जास्वंद. खालच्या बाजूला लोखंड काळंभोर राहिलं होतं, तेलाने चकचकीत. कोणीतरी रोज पुसत असावं. मी ओटी भरली. मग कागद काढून दाखवला आणि सांगितलं की खरवडणार काही नाही, पेन्सिल फक्त वरून फिरवणार. तिने कागदाला हात लावून बघितला, पेन्सिलीचं टोक बघितलं. नंबर कुठे आहे ते तिला माहीत होतं. शेंदराची कड जिथे संपते तिथेच तो होता, वरून पातळ पापुद्रा आलेला. तिने समईतलं तेल अंगठ्यावर घेतलं आणि लहान पोराचं नाक पुसावं तशी त्या जागी अंगठा फिरवत राहिली. पापुद्रा मऊ होऊन निघाला. मग पदराने कोरडं केलं.

"काढ," म्हणाली.

मी कागद लावला. एकीकडून पेन्सिल फिरवायला लागले. पुढचे आकडे चासीवरचेच होते, एकेक उठत गेले. पाच आला. मी थांबले. माझ्या हाताखाली आता एकच जागा उरली होती. म्हातारी म्हणाली, थांबलीस का? मी डोळे मिटले नाहीत, पण दोन बोटांनी कागद जास्तच घट्ट धरला आणि पेन्सिल पुढे नेली.

उभी रेघ उठली. एक.

आणि रेघेभोवती तीच बुडालेली बांगडी.

एक्कावन्न निघाले, म्हणजे हे सुटले, हे कळत होतं. पण इथेही शून्यावर एक कसा, ते कळत नव्हतं. इथला पापुद्रा तर आजवर कोणी काढलाच नव्हता. पिशवीतून चासीची प्रिंट काढून शेजारी धरली. दोन्ही रेघा खालच्या टोकाजवळ जराशा तुटल्या होत्या, एकाच जागी. विळीच्या पात्याला खाच पडली की प्रत्येक फोडीवर तिचा कंगोरा उठतो, तसं.

मी विचारलं, "आजी, हा शेवटचा आकडा असा का?"

"तो आमच्या सासऱ्यानी करून घेतला." तिने असं सांगितलं जसं काही दाराला रंग लावल्याचं सांगतेय. "गाडी देवीला वाहाची होती ना. नंबर बगितला तं शेवटाला पन्नास. सासरा बोलला, देवीला शून्यावर देतान काय? वर एक नको?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. आपल्यात आहेरात, देणगीत, वर्गणीत, कुठेही शून्यावर थांबत नाहीत. पन्नास द्यायचे तर वर एक ठेवतात. मी स्वतः किती पाकिटांत तो वरचा एक घातला असेल. पण लोखंडावरच्या पन्नासालाही कोणी एक चढवला असेल, हे पुण्याच्या साहेबांच्या डोक्यात आलं नाही, शेठच्या नाही, आणि माझ्याही नाही.

तिने पुढे सांगितलं. लोहाराकडे आकड्यांचे ठसे नव्हते. त्याने शून्य हातोडीने चेपलं आणि छिन्नीचा एक घाव घातला, झाला एक. ती तेव्हा नवी सून होती. लोहाराला चहा तिनेच दिला होता.

"न् इंजिनाला?" मी तिच्यासारखंच विचारलं.

"दोगा भावंडा ना गो. एकाला शुभ केला न् दुसऱ्याला तसाच ठेवला, असा कुठं असतं?"

निघताना तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ह्यांना निरोप दिला. पुढच्या वेळी यायचं, पण हत्यारं न आणता, आणि जेवायला.

घरी मी काही बोलले नाही. सांगायचं तर का गेले होते तेही सांगावं लागलं असतं. दोन्ही कागद डाळीच्या डब्यामागे ठेवले. शनिवार गेला, रविवार गेला. हे हंडे भरत होते.

सोमवारी मी एकटीच शेडवर गेले. साहेबांचा कागद लिहून तयार होता, शेठच्या टेबलावर. शेठ म्हणाले, वहिनी, तुम्ही कशाला आलात? मी दोन्ही प्रिंट टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. साहेबांनी आधी सहज बघितलं. मग खुर्ची पुढे ओढली. भिंग काढलं. एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर, पुन्हा पहिलीवर. त्यांनी विचारलं, ही दुसरी कुठली? मी म्हटलं, गिरणीतल्या इंजिनाची.

ते म्हणाले, "हा पंच नाहीच. ही छिन्नी आहे, आणि दोन्हीकडे तीच."

मग मला सगळं सांगावं लागलं. उभं राहून, दोन पुरुषांसमोर, इतकं मी कधी बोलले नव्हते. लोहाराचं आणि वरच्या एकाचं सांगितलं तेव्हा साहेब खुर्चीला टेकले आणि स्वतःशीच म्हणाले, माझ्या लग्नात आमची आत्या पाकिटं उघडून बघत बसली होती, एक आहे का म्हणून. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांना पुढचं कळलं होतं. पन्नास म्हणजे पन्नास. एक्कावन्न त्या परदेशातल्या माणसाकडेच.

साहेब त्याच दिवशी माझ्याबरोबर गावात आले. म्हातारीने त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या, हात धुवायला लावले, आणि मगच इंजिन दाखवलं. त्यांनी लिहिलेला कागद तिथेच फाडून खिशात टाकला.

पुढे त्यांनी शोधून काढलं ते असं. त्या वर्षी कंपनीने शर्यतीला पन्नास नंबरची गाडीही नेली होती, पण एखादी बिघडली तर असावी म्हणून. सरावाला पळाली, शर्यतीत उतरली नाही. साहेब म्हणाले, सांगाडा मूळचा, मूळचं इंजिन कुठे आहे ते ठाऊक आणि मालक एकेक करून माहीत, अशी गाडी आता सापडत नाही. शेठनी मान हलवली. पण प्रदर्शनाला त्यांनी गाडी पाठवली नाही, आणि भिंतीवर शर्यतीचा मोठा फोटो लावला होता तो उतरवला.

मी गावातून साहेबांबरोबर परत आले त्याच संध्याकाळी शेठ स्वतः आमच्याकडे आले. दिव्याला ते पहिल्यांदाच आले होते, चाळ शोधताना दोनदा चुकले. ह्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. शेठनी सगळं सांगितलं. मी कुठे गेले होते, काय आणलं, ते सगळं. हे माझ्याकडे न बघता ऐकत होते. क्षमा वगैरे शेठ मागू शकले नाहीत. पाण्याच्या ग्लासाशी खेळत म्हणाले, "मिस्त्री, त्या चासीवर परत शून्य मारून घेऊ का? तुमच्याकडे पंच आहे. मूळचा होता तसा होईल."

"माझ्या पेटीतलं शून्य त्याला लागणार नाही," हे म्हणाले. "देवीचा एक आहे. राहू दे."

"बरं. राहू दे." शेठ उठले. "उद्या येताय ना?"

ह्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही नाही. त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले. मी ओट्याशी कांदा चिरत होते. चिरायची गरज नव्हती, आमटी झालेली होती.

ते माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुला वाटत होतं ना, मीच केलंय?"

मी विळी आडवी केली. "वाटत होतं. तुम्ही बोलत नव्हता."

"मग गेलीस कशाला? तिथे पन्नास निघाले असते तर?"

"तर कागद खाडीत टाकला असता आणि घरी येऊन भाकऱ्या केल्या असत्या."

बाहेर नळाला पाणी आल्याचा आवाज झाला, शेजारणीने हाक मारली. हे हंडा घेऊन जातील असं मला वाटलं. पण ते मांडणीकडे गेले, पालथा डबा उचलला, सुलटा केला, आणि त्याचं झाकण शोधायला लागले.